दुकानात पोकेमॉन कार्डांची स्पर्धा कशी घ्यावी: बाकीचं थोडक्यात, जोड्या लावणं सविस्तर

पोरांची कार्डांची स्पर्धा घ्यायची म्हटलं की सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. 'नॉकआउट लावा, दोन तासांत मोकळे.' 'ॲप आहे ना, सगळं तेच करतं.' 'प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळू द्या, तक्रारच नको.' यातले पहिले दोन सल्ले मी मानले आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलो. तिसऱ्याचा हिशेब कागदावर करून पाहिला म्हणून वाचलो: १३ मुलं असली तर ७८ सामने होतात. दुकान रात्रभर उघडं ठेवायचं असेल तर खुशाल घ्या.

मी छत्रपती संभाजीनगरात एका खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत या स्पर्धा घेतो. दहा ते वीस मुलं, त्यात दोन-चार कॉलेजची, एखादा नोकरीवाला. खेळ कसा खेळतात हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

दिवस रविवारचा ठेवा. मराठवाड्यात एक जास्तीचा दिवस मिळतो, १७ सप्टेंबर. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकलं की पोरं मोकळी असतात. मात्र गणपती त्याच दिवसांत आले असतील तर नाद सोडा, निम्मी मुलं मंडळात असतात.

पाटीवर 'पत्त्यांची स्पर्धा' असं चुकूनही लिहू नका. मी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक आजोबा काठी टेकत आले आणि 'लेकरांना जुगार शिकवायलाव का?' म्हणून दुकानदाराला झापून गेले. आपल्याकडे पत्ते म्हटलं की तीन पत्तीच डोळ्यांपुढे येते. 'पोकेमॉन कार्ड स्पर्धा' लिहा आणि बक्षीस रोख ठेवू नका, कार्डांची पाकिटं द्या. प्रवेश फी जेवढी जमेल तेवढी सगळी पाकिटांत घाला.

टेबलं पंख्याखाली नकोत. चिवडा, पोहे, वडापाव खोलीबाहेर. कार्डांवर स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकचं पातळ कव्हर, नसेल तर खेळ नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत चकाकणारी फॉइल कार्डं वाकतात, आणि वाकलेलं कार्ड डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या साठ कार्डांच्या गड्डीत, उलटं असलं तरी लांबून ओळखू येतं. पोरगं मुद्दाम करत नसतं, पण समोरच्याला ते पटत नाही. अशी कार्डं आदल्या रात्री जाड पुस्तकाखाली ठेवायला सांगा.

डेक तपासायला दोन मिनिटं पुरतात. दहा-दहाच्या सहा गड्ड्या करून साठ मोजायची, मूळ एनर्जी कार्डं सोडून एका नावाची चारपेक्षा जास्त नाहीत ना ते बघायचं, पुढचा.

खोट्या कार्डांचं दुखणं मात्र आपल्याकडे मोठं आहे. टपरीवर दहा रुपयांना मिळणारं पाकीट आणि सोनेरी प्लास्टिकची कार्डं घेऊन निम्मी नवी मुलं येतात. पाठीचा निळा रंग फिका, अक्षरं जाडी-भरडी, पोकेमॉनची ताकद भलतीच, आणि मोबाइलच्या टॉर्चपुढे धरलं की उजेड आरपार. खरं कार्ड एवढा उजेड सोडत नाही. खोटी कार्डं चालणार नाहीत हे जाहिरातीतच लिहा. दारात लेकराला परत पाठवणं फार वाईट असतं. मी तीन-चार डेक दुकानातच उसने द्यायला ठेवतो. एवढं केलं तर कोणी रडत घरी जात नाही.

आता खरा विषय. सगळी स्पर्धा जोड्यांवर, म्हणजे कोण कोणाशी खेळणार यावर, उभी असते.

माझ्या पहिल्या स्पर्धेत १६ मुलं आली आणि मी नॉकआउट लावलं. वीस मिनिटांत आठ जण बाहेर. त्यातला एक जालन्याहून वडिलांबरोबर एसटीने आलेला. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, 'सर, मी आता नुसतं बसूनच राहू का? आमची बस चारला हाय.' वडील काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. या खेळात सुरुवातीच्या सात पत्त्यांनी घात केला तर चांगल्यातला चांगला खेळाडूही पाच मिनिटांत हरतो. एका हरण्यावर त्याला घरी पाठवायचं असेल तर स्पर्धा कशाला, नाणं उडवा.

पुढच्या वेळी ॲप वापरलं. ॲप वाईट नव्हतं, पण ते काय करतंय ते मला कळत नव्हतं. दोन मुलं न सांगता निघून गेली, ॲप त्यांच्या जोड्या लावत राहिलं, मग लाइट गेली, मोबाइलचं चार्जिंग संपलं आणि मी चौदा पोरांच्या मध्ये हातात काहीच नसताना उभा. त्या दिवशी मदतीला धावून आले ते एक निवृत्त मास्तर, नातवाला घ्यायला आलेले. त्यांनी आयुष्यभर बुद्धिबळाच्या स्पर्धा घेतलेल्या. म्हणाले, 'स्विस लाव की.' बुद्धिबळात ही पद्धत १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेपासून चालत आलेली आहे. कोणी बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात आणि दर फेरीत साधारण आपल्याएवढेच गुण असलेल्याशी गाठ पडते. मास्तरांनी वहीचा पुठ्ठा फाडून चिठ्ठ्या केल्या. मी आजही चिठ्ठ्यांनीच करतो. ॲप वापरायचं तर वापरा, पण आधी दोनदा हाताने करा.

आधी फेऱ्या ठरवा. आठपर्यंत मुलं असतील तर तीन, नऊ ते सोळा असतील तर चार, सतरा ते बत्तीस असतील तर पाच. एवढ्यात सगळे सामने जिंकलेला जास्तीत जास्त एकच उरतो, म्हणून वेगळी फायनल लागत नाही. मुलं आग्रह करतात म्हणून फेरी वाढवू नका. एक डाव तीस मिनिटांचा, वर आवराआवरीची दहा-पंधरा. चार फेऱ्यांना तीन तास धरा. अकराला सुरू केलं तर जालन्याच्या पोराची चारची बस चुकत नाही.

प्रत्येकाची एक चिठ्ठी. वर नाव आणि क्रमांक, खाली दर फेरीत कोणाशी खेळला त्याचा क्रमांक आणि गुण. जिंकला तर ३, बरोबरी १, हरला तर ०. तीस मिनिटं झाली की चालू पाळी पुरी करायची, वर आणखी तीन पाळ्या, तरी निकाल नाही तर बरोबरी. पहिल्या फेरीला चिठ्ठ्या पिसा आणि दोन-दोन काढा. भाऊ-भाऊ, मित्र-मित्र समोरासमोर आले तरी बदलू नका. एकदा बदललं की दर फेरीला कोणीतरी कानाशी येऊन उभं राहतं.

दुसऱ्या फेरीपासून गुणांप्रमाणे ढीग करा. सगळ्यात वरच्या ढिगापासून सुरुवात, ढिगातल्या ढिगात पिसायचं, जोड्या काढायच्या. ढिगात विषम संख्या आली तर उरलेला एक खालच्या ढिगात जातो. आधी खेळलेले दोघे पुन्हा समोर येता कामा नयेत, म्हणून जोडी काढली की चिठ्ठीवरचे क्रमांक बघा. एकूण मुलंच विषम असतील तर सगळ्यात खालचा एक बसतो. त्याला बाय म्हणतात आणि जिंकल्याचे तीन गुण मिळतात. एकाला दोनदा बाय नाही. आधी मिळाली असेल तर त्याच्या लगेच वरच्याला. बाय टाळायला दुकानदाराच्या भाच्याला बसवा असं कोणीतरी सुचवतंच. ऐकू नका. मी बसवला, आणि भाचा स्पर्धा जिंकला.

मी अडकायचो ते पुढच्या गोष्टीत. वरून सुंदर जोड्या लागत जातात आणि शेवटी तळाला दोन चिठ्ठ्या उरतात, ७ आणि ११, आणि ते दोघे पहिल्या फेरीतच खेळलेले असतात. पोरं 'सर, लावा ना' करत असतात, घाम फुटतो, आणि मी सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत, मुलं दहा-बारा असताना हे हमखास होतं. सगळं मोडायचं नाही. लगेच वरची एकच जोडी फोडायची. समजा ती ३ आणि ९ आहे. मग ३ विरुद्ध ७ आणि ९ विरुद्ध ११ करा. त्यातही कोणी आधी खेळलेलं असेल तर ३ विरुद्ध ११ आणि ९ विरुद्ध ७. तेही जमलं नाही तर त्याच्या वरची जोडी फोडा. गुणांचा फरक थोडा पडला तर पडू द्या, तीच जोडी पुन्हा लावण्यापेक्षा ते बरं. आणि जोड्या पूर्ण लागल्याशिवाय एकही नाव वाचू नका. अर्धी नावं वाचून मग बदललीत तर पोरं कार्डं मांडून बसलेली असतात आणि उठत नाहीत.

निकाल तोंडी घेऊ नका. जो जिंकला तो निकालाचा चिठोरा घेऊन येतो, त्यावर दोघांच्या सह्या पाहिजेत. एकदा मी ऐकीव निकाल उलटा लिहिला, पुढची फेरी लावली, दहा मिनिटांनी कळलं. तेव्हा सहा टेबलं उठवावी लागली. घरी जायचं असेल तर चिठ्ठी माझ्या हातात देऊन जायचं, हेही सुरुवातीलाच सांगा.

शेवटी वरचा एक स्पष्ट असतो, पण नऊ गुणांवर तीन-चार जण अडकतात आणि त्यांचे पालकही. इथे 'आपापसात एक डाव खेळा' म्हणू नका, बस असते. ज्याचे प्रतिस्पर्धी तगडे तो वर. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने किती टक्के सामने जिंकले ते मांडा आणि सरासरी काढा. एकाचे चार प्रतिस्पर्धी ४, ३, २ आणि १ सामने जिंकले असतील तर १००, ७५, ५० आणि २५, सरासरी ६२.५. दुसऱ्याचे ३, २, १ आणि शून्य असतील तर ७५, ५०, २५, आणि शून्याच्या जागी पोकेमॉनच्या स्पर्धांत २५ धरतात, म्हणून सरासरी ४३.७५. पहिला वर. बायचा प्रतिस्पर्धी नसतो, तो मोजायचाच नाही. हा हिशेब स्पर्धेआधी भिंतीवर चिकटवा. नंतर समजावायला गेलात तर तो तुम्ही आत्ता रचलाय असंच वाटतं.

पाकिटं वाटा, शेवटच्यालाही एक द्या, उसने डेक मोजून परत घ्या. चिठ्ठ्या मात्र महिनाभर फेकू नका. दोन दिवसांनी एखाद्या आईचा फोन येतो, 'आमचा तिसरा होता म्हणतो, तुम्ही पाचवा कसा लिहिला?' मग ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचा तुकडा काढायचा आणि क्रमांक वाचून दाखवायचे.