स्क्रोल सॉवर पहिली पाटी कापण्याआधी

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पातं वर-खाली हलवून वळणदार काप घेणारी मशीन-करवत. तिच्यावर हात बसवायला घराच्या नावाची पाटी उत्तम. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध निघतो, सुटी अक्षरं चिकटवत बसावं लागत नाही. ‘वसंत’ हे नाव धरून चला. ते जाड टायपात छापून घ्या आणि चहूबाजूंनी बंद असलेल्या जागा पेन्सिलने भरा. ‘व’चं पोट आणि ‘स’च्या आतला तुकडा, अशा दोनच निघतील. तिथे कडेकडून पातं शिरणार नाही. आधी भोक पाडायचं, पातं वरून सोडवून त्यातून ओवायचं आणि परत ताणायचं. फ्रेटवर्क म्हणतात ते हेच, देव्हाऱ्याची जाळीही अशीच निघते. अनुस्वार मात्र अधांतरी आहे. तो शिरोरेषेला टेकवून काढा, नाहीतर भुशात शोधत बसाल.

सागवानाचा मोह पहिल्या पाटीला आवरलेला बरा. लाकडाच्या रेषा आडव्या ठेवल्या तर शिरोरेषा मजबूत होते, पण अक्षरांचे उभे दंड कच्चे राहतात. उभ्या ठेवल्या तर शिरोरेषाच तुटते. प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे असल्याने ही भानगड नाही. दोन सूत, म्हणजे ६ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणा. कडेला थरांमध्ये पोकळ जागा दिसली तर तो दुकानातच ठेवा. प्लायवर मास्किंग टेप लावून त्यावर कागद चिकटवा, म्हणजे काम झाल्यावर तो खरवडत बसावं लागत नाही.

खरी मेख पात्यात आहे. टोकाला पिन असलेलं पातं अडकवायला सोपं, पण ती पिन जायला भोक मोठं लागतं आणि ‘व’चं पोट तिथेच बिघडतं. म्हणून साध्या टोकाचं, ५ इंची पातं घ्या. नंबर जितका लहान तितकं पातं बारीक. या प्लायला ३ किंवा ५ नंबर पुरे. ‘रिव्हर्स टूथ’ लिहिलेलं मिळालं तर तेच घ्या. त्याचे खालचे काही दाते उलटे, वर तोंड करून असतात, त्यामुळे पाटीच्या मागच्या बाजूला फाटे निघत नाहीत. बाकीचे दाते आपल्याकडे आणि खाली तोंड करून हवेत. स्पायरल पात्याला चहूकडे दाते असतात, त्यामुळे लाकूड फिरवावं लागत नाही खरं, पण काप रुंद आणि खरखरीत येतो. अक्षरांसाठी ते नकोच.

पातं बदलताना प्लग काढलेला असू द्या. ताण बोटाने छेडून पाहा. टणत्कार आला पाहिजे, नुसतं ‘थप्प’ वाजलं तर पातं वळणावर पोट काढतं आणि वरची-खालची कड जुळत नाही. मग टेबल काटकोनात आहे का ते बघा. एका जाड टाकाऊ तुकड्यात जरासा काप घ्या, मशीन थांबवा, तुकडा फिरवून तोच काप पात्याच्या मागच्या बाजूला आणा. पातं खाचेत अलगद बसलं तर ठीक, तिरकं अडलं तर टेबल झुकलंय. गुण्यापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

त्याच तुकड्यावर एक सरळ रेषा कापून पाहा. पातं बहुधा एका बाजूला ओढ घेतं, कारण बनवताना दात्यांच्या एका अंगाला बारीक कंगोरा राहतो. लाकूड किंचित तिरकं धरून ढकललं की रेषा सांभाळते. टोकदार कोपऱ्यात जोर लावू नका. टोकापर्यंत जा, जरा मागे या, टाकाऊ बाजूला वळून जागा करा आणि दुसऱ्या रेषेवर लागा. कड काळी पडायला लागली तर वेग कमी करा किंवा पातं बदला. नक्षीवर पॅकिंगची पारदर्शक टेप लावली तरी जळणं बरंच कमी होतं.

मास्क आणि चष्मा लावा, सैल बाह्या दुमडून घ्या.

राहिला क्रम. दोन्ही भोकं मशीनला हात लावण्याआधीच पाडून ठेवा, खाली फळी धरून. आधी आतले दोन काप. मग खालून अक्षरांच्या बाहेरच्या कडा. शिरोरेषेची वरची कड आणि अनुस्वार सगळ्यात शेवटी, कारण तोवर वरचा अखंड प्लायच नाजूक दंडांना सांभाळून धरतो आणि बोटांनाही पात्यापासून लांब पकडायला जागा मिळते.