योगासनं आणि पिलाटेसचं सामान: कोकणात या चुका टाळा

दर जूनला माझ्या रत्नागिरीच्या वर्गात नवी मंडळी येतात आणि निम्म्यांच्या काखेत वळकटीएवढी मॅट असते. "ताई, मुद्दाम पंधरा एमएमची घेतली. गुडघे दुखायला नकोत." दुकानदारानेही 'जितकी जाड तितकी चांगली' असंच सांगितलेलं असतं.

ही जाड मॅट बहुतेक वेळा एनबीआर नावाच्या कृत्रिम रबराच्या मऊ फोमची असते. पिलाटेस या व्यायामप्रकारात पाठ गोल करून मागेपुढे लोळायचं असतं, मणके जमिनीला लागतात. तिथे ती हवीच. पण तिच्यावर वृक्षासनाला उभे राहा. टाच रुतते, घोटा डुगडुगतो. अधोमुख श्वानासनात तळहाताची मनगटाकडची बाजू खाली दबते आणि मनगट नको तितकं मुडपतं.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका अशीच मॅट घेऊन आल्या. मी ती पाहिली होती, पण पहिलाच दिवस आहे, राहू दे म्हटलं. वीरभद्रासनात मागचा पाय ताणला, तशी मॅट रबरबँडसारखी लांबली, पाय घसरला आणि घोटा मुरगळला. पुढचा दीड महिना त्या वर्गाला येऊ शकल्या नाहीत. मला ते अजून लागून आहे. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या मॅटवर अंगठा दाबून बघते. खाली लादी लागेपर्यंत अंगठा गेला, तर ती मॅट फक्त झोपून करायच्या व्यायामांना. आसनांसाठी ४ ते ५ मिमीची घट्ट मॅट आणि गुडघ्याखाली सतरंजीची चौघडी, बस.

लांबी बघायलाही लोक विसरतात. नेहमीची मॅट साधारण १७३ सेंटिमीटर असते. सहा फुटी माणसाचं डोकं शवासनात लादीवर येतं.

दुसरी चूक आपल्या हवेची. बाहेरच्या कोरड्या गावातला सल्ला ऐकून लोक नैसर्गिक रबराची महागडी मॅट घेतात. पकड तिची उत्तमच. पण रबराला ऊन सोसत नाही. माझी पहिली रबरी मॅट मी मे महिन्यात रोज गडग्यावर वाळत टाकायचे. पाऊस सुरू व्हायच्या आत ती ताठरली, बारीक चिरा पडल्या, हाताला भुगा लागायला लागला. आणि पावसाळ्यात याच्या उलट: घामाने ओली मॅट तशीच गुंडाळायची, पिशवीत कोंबायची, शनिवारी उघडायची. काळे ठिपके आणि कुबट वास! एकदा बुरशी आत शिरली की तो वास जात नाही. पिळलेल्या फडक्याने पुसा, पडवीतल्या जाड दांडीवर टाका, पंखा लावा. बारीक दोरीवर नको, कायमची घडी पडते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि घाईवाल्यांना नेमकी तीच पाच मिनिटं सापडत नाहीत.

व्यायामाचा मोठा, हवा भरलेला चेंडू घेताना आपलं वजन नव्हे, आपली उंची बघा. बसल्यावर गुडघा काटकोनात आला पाहिजे. रबरी पट्टा ओढण्याआधी उजेडाकडे धरून बारीक भोकं तपासा, तुटला तर थेट तोंडावर येतो.

समुद्रालगतच्या घरात जुना रिफॉर्मर (स्प्रिंगांवर सरकणाऱ्या पाटाचं पिलाटेसचं यंत्र) स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी आधी स्प्रिंगा बघाव्यात. खाऱ्या वाऱ्याने गंजलेली किंवा मोकळी सोडल्यावरही वेढ्यांत फट राहणारी स्प्रिंग वापरायची नाही. नव्या स्प्रिंगांचा खर्च धरूनच भाव करा.

आणि पहिल्या आठवड्यात अख्खा संच मागवू नका. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पुण्यात आसनांसाठी साध्या खुर्च्या, पट्टे, दोर, लाकडी ठोकळे वापरले. पट्ट्याऐवजी जुन्या सुती साडीची पट्टी चालते. फोमचे हलके ठोकळे भार पडला की चेपतात. त्याऐवजी ओळखीच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे दोन करून घ्या, ९ बाय ६ बाय ४ इंचांचे. कडा मात्र गोल घासून द्यायला सांगा, नाहीतर तळहाताला रुततात.