सॅक्सची मोजणी आणि सिम्युलेशन: दोन गटांनी जुळवून काम कसं करायचं

द्रावणातल्या प्रथिनावर सॅक्स, म्हणजे लहान कोनातल्या क्ष-किरण विकिरणाचा प्रयोग करायचा आणि त्याच प्रथिनाच्या अणूंच्या हालचालीचं संगणकावर सिम्युलेशनही चालवायचं असेल, तर दोन्ही गटांनी बीमटाइमचा (क्ष-किरण यंत्रावर मिळणाऱ्या वेळेचा) अर्ज भरण्याआधीच एकत्र बसावं. मोजणी उरकल्यावर नुसती फाइल पाठवली, तर पुढचे कित्येक आठवडे 'चूक कुणाची' यातच जातात.

पहिल्या बैठकीत अमिनो आम्लांचा क्रम अक्षरशः ताडून बघा. प्रयोगातल्या प्रथिनाला बहुधा हिस्टिडीनची शेपटी असते. सिम्युलेशन स्फटिकरचनेवरून सुरू होतं, तिथे ती नसते आणि काही लवचीक वळणंही गायब असतात. छोट्या प्रथिनात एवढ्यानेही विकिरणाचा वक्र (कोनानुसार बदलणारी तीव्रता) बदलतो. सोबत pH, क्षार आणि तापमान लिहून ठेवा. विकिरणाचा कोन सांगणाऱ्या q ची q = 4π sinθ/λ (λ म्हणजे तरंगलांबी) हीच व्याख्या दोघांची आहे ना, आणि विकिरणाचा पूर्ण कोन 2θ धरलाय ना, हेही विचारा. एकक प्रति नॅनोमीटर की प्रति अँगस्ट्रॉम, यात दहापटीचा फरक पडतो.

मोजणी एकाच संहतीवर (द्रावणातल्या प्रथिनाच्या प्रमाणावर) थांबवू नका. 1, 2, 5 आणि 10 मिग्रॅ/मिली अशी मालिका घ्या. बफर (प्रथिन ज्यात विरघळलंय ते द्रावण) डायलिसिसच्याच भांड्यातला हवा, नव्याने बनवलेला चालत नाही. एका लांब एक्स्पोजरपेक्षा अनेक छोट्या फ्रेम (एकामागून एक घेतलेल्या मोजण्या) बऱ्या. कमी q कडची तीव्रता फ्रेमगणिक वाढत गेली, तर किरणांनी प्रथिन बिघडून गुठळ्या होत आहेत. तिथून पुढच्या फ्रेम टाकून द्या. गिनियेचा आलेख (ln I विरुद्ध q²; Rg म्हणजे रेणूच्या आकाराचं माप, परिभ्रमण त्रिज्या) qRg < 1.3 पर्यंत सरळ रेषेत यावा.

सिद्धांतवाल्यांनी, म्हणजे सिम्युलेशन करणाऱ्यांनी, फक्त बफरची वजाबाकी केलेला वक्र घेऊ नये. नमुना आणि बफर यांचे वेगळे वक्र, प्रत्येक बिंदूची त्रुटी, सगळ्या संहती, हे सगळं मागून घ्यावं.

सगळ्यात जास्त घोळ तुलनेत होतो. अणूंच्या स्थानांवरून Rg काढून प्रयोगाच्या Rg शेजारी ठेवू नका. प्रथिनाभोवतीचा पाण्याचा थर मोकळ्या पाण्यापेक्षा दाट असतो आणि क्ष-किरणांना तोही दिसतो, त्यामुळे मोजलेला Rg सहसा मोठा येतो. तुलना I(q) ची, म्हणजे q नुसार तीव्रतेच्या वक्राचीच करा, आणि तीही सिम्युलेशनच्या प्रत्येक फ्रेमचा (एका क्षणाच्या रचनेचा) I(q) काढून मग सरासरी घेऊन. सरासरी रचनेचा वक्र काढणं चूक आहे. थराची घनता आणि विस्थापित आकारमान (प्रथिनाने दूर सारलेल्या पाण्याचं) दोन्ही मोकळी सोडली, तर चुकीची रचनाही झकास जुळते. म्हणून त्याच बीमटाइममध्ये लायसोझाइम (रचना नीट माहीत असलेलं प्रथिन, 14.3 किलोडाल्टन) मोजा, त्यावर पद्धत तपासा आणि मग ती बदलू नका.

तरीही जुळलं नाही तर? कमी q ला फरक असेल आणि तो संहतीबरोबर बदलत असेल, तर रेणूंची आपसातली ओढ किंवा ढकल बघा. शून्य संहतीकडे बहिर्वेशन करा, म्हणजे मालिकेवरून शून्य संहतीचा वक्र काढा. फक्त मोठ्या q ला स्थिर फरक असेल, तर संशय बफरच्या वजाबाकीवर. मधल्या पट्ट्यात सगळ्याच संहतींना सारखा फरक दिसला, तर सिम्युलेशन तपासा: जुनी फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) अव्यवस्थित, म्हणजे ठराविक घडी नसलेली प्रथिनं फार आक्रसलेली दाखवतात.

मोजणीशी जुळावं म्हणून सिम्युलेशनच्या फ्रेमना नवे भार (सरासरीतला वाटा) देण्याआधी एक हिशेब मांडा. Dmax (प्रथिनाची सर्वांत मोठी लांबी) 5 नॅनोमीटर आणि qmax (मोजलेला सर्वांत मोठा q) 3 प्रति नॅनोमीटर असेल, तर Dmax·qmax/π म्हणजे जेमतेम 5 स्वतंत्र आकडे हातात येतात, फाइलमध्ये बिंदू शेकड्यांनी असले तरी. हजारो फ्रेमचे भार त्यातून ठरवायचे, तर मूळ भारांपासून फार दूर जाऊ न देणारी अट घालावीच लागते. ती किती कडक असावी, हे त्रुटींवर अवलंबून आहे, म्हणून तो निर्णय मोजणी करणाऱ्यांना सोबत घेऊनच करा.