ट्रान्समीटरच्या खोलीतल्या या चुका टाळा

आकाशवाणी-दूरदर्शनच्या रिले केंद्रावर, म्हणजे कार्यक्रम पुढे प्रसारित करणाऱ्या केंद्रावर, नव्याने लागलेली पोरं, कंत्राटी टेक्निशियन आणि त्या केंद्राकडे माहिती मागायला जाणारे आपले बेळगावचे जागरूक नागरिक, अशा तिघांसाठी हे लिहितोय. चुका त्याच त्या, फक्त माणसं बदलतात.

इंटरलॉकला वायर मारणे

ट्रान्समीटरच्या मागच्या दाराला एक छोटा स्विच असतो, तोच इंटरलॉक. दार उघडलं की एचटी, म्हणजे आतला उच्च दाबाचा पुरवठा, पडली पाहिजे, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात बिजागऱ्या गंजतात, दाराचं रबर फुगतं, स्विच पुरता दाबला जात नाही आणि ऐन पहिल्या सभेत, म्हणजे सकाळच्या प्रसारणात, ट्रान्समीटर ट्रिप होतो. फोन वाजायला लागतात. मग कोणीतरी शहाणा दोन टर्मिनलांवर वायरचा तुकडा टाकतो. ‘सभा संपली की काढतो’ म्हणतो. तो तुकडा दिवाळीपर्यंत तिथेच असतो.

सीमाभागातल्या एका केंद्रावर मी कामानिमित्त गेलो होतो. जुना, व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर. नवा पोरगा फडकं घेऊन मागच्या बाजूला निघाला. तिथल्या जुन्या टेक्निशियनला सगळे मामा म्हणायचे.

“मामा, मागनं धूळ पुसून घेतो. दोन मिनटांचं काम.”

“बंद केलास काय?”

“दार उघडलं की आपोआप पडतंय की!”

मामा चहा पीत बसले होते. दार उघडल्याचा आवाज आला, पण कॉन्टॅक्टर, म्हणजे पुरवठा तोडणारा मोठा स्विच, पडल्याचा ‘खट्’ आला नाही. ब्लोअर चालूच. त्या माणसाने पेला टाकला, “हात भाईर काढ!” असं ओरडत मेन ब्रेकर पाडला. पोराचा हात कोपरापर्यंत आत होता. नंतर मामांनी डिस्चार्ज रॉड, म्हणजे साठलेली वीज जमिनीत उतरवणारी दांडी, कपॅसिटरला लावला, तर लवंगी फटाक्यासारखा आवाज झाला आणि पोरगा खालीच बसला. मेन पाडल्यावरही कपॅसिटरमध्ये एवढा चार्ज शिल्लक होता. हा चार्ज हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर आतून तुटलेला असेल तर चार्ज बराच वेळ तसाच राहतो, आणि हे बाहेरून दिसत नाही.

माझी सवय सांगतो. मेन पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे आणि कपाटाची किल्लीही तिथेच ठेवायची. पाटी लावली तरी खिशात फ्यूज हवाच, कारण पाटी वाचणारा माणूस घाईत नसतो आणि ब्रेकर चढवणारा नेहमी घाईत असतो. मग टेस्टरने बघायचं. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, नाहीतर मेलेला टेस्टर सगळंच ‘बंद’ दाखवतो. शेवटी डिस्चार्ज रॉड लावायचा आणि काम संपेपर्यंत अडकवूनच ठेवायचा. नुसता टेकवून काढला तर कपॅसिटरमध्ये थोडा व्होल्टेज परत चढतो. अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन बाहेर. इंटरलॉक खरंच खराब असेल तर सभा बंद पडू द्या. श्रोते सांगली नाहीतर धारवाड लावतील.

रजिस्टर आधीच भरून ठेवणे

त्याच दिवशी मी लॉगबुक बघितलं. सकाळच्या रकान्यात ‘इंटरलॉक तपासले, ठीक’. दुपारच्या रकान्यातही ‘ठीक’. आणि संध्याकाळच्याही, जी अजून झालीच नव्हती. एकाच पेनाने, एकाच बैठकीत. ही चूक मला वायरीपेक्षा मोठी वाटते. वायर निदान दिसते तरी. खोट्या नोंदीवर उद्याचा सुपरव्हायझर विसंबतो. अपघात झाला तर विद्युत निरीक्षक तीच वही मागतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या अपघाताची खबर द्यावीच लागते, आणि माणूस दगावला असेल तर २४ तासांच्या आत. शिवाय आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही जनतेच्या पैशावर चालणारी संस्था आहे. तिथली वही ही खाजगी डायरी नाही, कोणीही नागरिक तिची प्रत मागू शकतो. जे दिसलं ते दिसलं त्या वेळी लिहा. ‘दार लागत नाही, कळवलं’ एवढं लिहायला काय जातंय? मीटरचं रीडिंग रोज तेच येत असेल तर मला आधी मीटरवर संशय येतो, नंतर माणसावर.

बाकीच्या, थोडक्यात

टॉवरवर माणूस चढवताना पॉवर न उतरवणे: एफएम अँटेनाजवळ तर नाहीच चालत, आणि मध्यम लहरींचा मास्ट, म्हणजे उंच मनोरा, हाच अँटेना असल्याने बहुधा अख्खाच जिवंत असतो, त्याला जमिनीवरून हातही लावायचा नाही. दोन हुकांचा हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) वापरा आणि एक हुक सदैव अडकलेला ठेवा. वळवाचा ढग दिसला की खाली उतरा. रिगर, म्हणजे टॉवरवर चढणारे कामगार, बाहेरच्या राज्यातले असतात, त्यांना कन्नड पाटी वाचता येत नाही. तोंडी सांगा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

विजेच्या आगीवर पाणी किंवा फोम मारणे: सीओटू किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर दाराजवळ असू द्या, कपाटामागे नको.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देणे: बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ पासून आहेत. नवी घेताना जुनी विक्रेत्याला परत करा किंवा नोंदणीकृत रिसायकलरला द्या, आणि पावती फाईलला लावा. ॲसिड आणि जनरेटरचं जळकं ऑइल नाल्यात ओतणाऱ्यांना एकच सांगणं: मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि तिचंच पाणी पुढे सौंदत्तीच्या धरणात साठतं.

दूरदर्शनचे जुने ॲनालॉग रिले बंद पडल्यापासून भंगार भरपूर निघतंय. मोठ्या पॉवरच्या काही आरएफ (रेडिओ लहरींच्या) ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टरांच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. तांब्यासाठी ते फोडू किंवा घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. लेबल वाचा, संशय असेल तर अख्खंच बाजूला ठेवा.

माहिती मागणाऱ्यांच्या चुका

आपली मंडळी माहिती अधिकाराचा अर्ज तहसीलदाराकडे देतात आणि मग म्हणतात उत्तर येत नाही. प्रसार भारती केंद्र सरकारच्या अखत्यारीतली संस्था आहे. अर्ज त्या रिले केंद्राच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करायचा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पहिलं अपील त्याच संस्थेत, दुसरं दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत, बेंगळूरुला नव्हे. अर्ज मंडळाच्या नावाने नको, माणसाच्या नावाने करा.

भाषेचंही लक्षात ठेवा. माहिती अधिकार कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय. बेळगावात राजभाषा कन्नड. म्हणजे मराठीतला अर्ज परत येऊ शकतो. मनाला कितीही लागलं तरी अर्ज हिंदीत करा, भांडण दुसऱ्या जागी करा.

आणि ‘सुरक्षेची काळजी का घेत नाही?’ असं विचारू नका. त्याला ‘घेतो’ एवढंच उत्तर येतं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या लॉगबुकच्या प्रती, बॅटऱ्या दिल्याची पावती, अग्निशामक सिलिंडर भरल्याची नोंद, असं कागदाचं नाव घेऊन मागा. त्याहून चांगलं म्हणजे जागेवर जाऊन तपासणी मागा. पहिला तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. वही उघडली की आधी संध्याकाळचा रकाना बघा, आणि किती वाजता बघितला तेही टिपून घ्या.