लॅपटॉपची ड्राइव्ह बदलताना आधी झाकण उघडा, मग पाकीट

भुसावळला मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते. बरंच गिऱ्हाईक ड्राइव्ह (विंडोज आणि फाइली जिच्यात साठतात ती) विकत घेऊनच दुकानात येतं आणि मग विचारतं, "ताई, ही बसेल ना?" क्रम उलटा झाला. कोणती ड्राइव्ह घ्यायची ते आधी लॅपटॉपच्या पोटातली जागा ठरवते, तुमची आवड आणि तुमचे पैसे नंतर. तेव्हा जळगावच्या गोलाणी मार्केटात जायच्या किंवा ऑनलाइन मागवायच्या आधी एक बारीक स्क्रू ड्रायव्हर हाताशी घ्या.

पण थांबा, त्याच्याही आधी डेटा. हार्डडिस्क टकटक वाजत असेल, फाइल उघडताना सगळं गोठत असेल, तर तिच्यावर कसलेही प्रयोग करू नका. गरजेच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि मग 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. निळा 'गुड' दिसला तर ठीक, पिवळा 'कॉशन' दिसला तर ती डिस्क भरवशाची राहिली नाही. विंडोज ११ असेल तर आणखी एक बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरच्या डेटाला लावलेलं कुलूप, गुपचूप चालू असतं. जुनी ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच लिहून ठेवा. मुलाने सेटअप करताना कोणता ईमेल टाकला होता हेच आठवत नाही, अशी माणसं माझ्यासमोर बसलेली मी पाहिली आहेत.

आता झाकण उघडा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि आत पोचल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन सोडवायचं. मग ड्राइव्ह बघा.

पत्त्याच्या कॅटपेक्षा थोडा मोठा चपटा डबा दिसला तर ती अडीच इंची साटा (जोडणीचा जुना प्रकार) ड्राइव्ह. इथे फार विचार नको, अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली ड्राइव्ह घ्या. ती ७ मिलिमीटर जाडीची असते. जुनी हार्डडिस्क साडेनऊची असेल तर नवी सैल बसेल, बाजूला प्लास्टिकची चौकट लावून घ्या. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे खोक्यावर कितीही मोठी अक्षरं असोत, भुलू नका.

च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एका टोकाला स्क्रू मारलेली पट्टी दिसली तर ती एम.२. घोळ इथेच होतो. पहिला लांबीचा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. पण काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० चीच जागा असते, तिथे ८० ची पट्टी मावत नाही. दुसरा घोळ जातीचा. एकसारख्याच दिसणाऱ्या पट्टीत साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई (पीसीआयई या वेगवान वाटेने चालणारी). फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या खाचेत साटाची पट्टी बसेल, स्क्रूही लागेल, पण विंडोजला ती दिसणारच नाही. कडेला एक चीर असेल तर एनव्हीएमई, दोन असतील तर साटा, असं दुकानदार सांगतात. बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं, पण दोन चिरांच्या एनव्हीएमई ड्राइव्हही असतात. त्यापेक्षा जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर 'एनव्हीएमई' किंवा 'पीसीआयई' लिहिलेलं असेल तर तेच घ्या. लेबल नसेल तर लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा.

कधी कधी लॉटरी लागते. अडीच इंची हार्डडिस्क आहे आणि शेजारी एम.२ ची खाच रिकामी! मग हार्डडिस्क काढूच नका. खाच घेईल त्या जातीची पट्टी बसवा, विंडोज तिच्यावर टाका, जुन्या डिस्कवर फोटो आणि हिशेब राहू द्या. याच्या उलट, स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी मेमरी किंवा अलीकडच्या मॅकबुकमधली स्टोरेज बोर्डावरच झाळलेली असते. ती बदलायचा विचार सोडून द्या, बाहेरून जोडायची एसएसडी घ्या.

अमळनेरकडचे एक आबा माझ्याकडे आले ते म्हणत, "ताई, मना लॅपटॉप भलता हयू चालस." म्हणजे लॅपटॉप फारच हळू चालतो. वेगाचं गणित त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. जुनी हार्डडिस्क मोठी फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, पण विंडोज सुरू होताना लागतात हजारो बारीक फाइली, आणि तिथे फिरणारी तबकडी धापा टाकते. साटा एसएसडी लावली की फरक पहिल्याच दिवशी कळतो. त्यापुढे तिसऱ्या पिढीची पीसीआयई ड्राइव्ह सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते, चौथ्या पिढीची सात हजारापर्यंत. पण टॅली, ब्राउझर, सातबाऱ्याची पीडीएफ यांसाठी हा फरक म्हणजे भुसावळ ते जळगाव एवढंच जायचं असताना पॅसेंजर काय नि सुपरफास्ट काय. शिवाय तुमची खाच तिसऱ्या पिढीची असेल तर चौथ्या पिढीची ड्राइव्ह चालेल, पण तिसऱ्याच्याच वेगाने.

आणि आमच्याकडे उन्हाळा आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, वर पत्र्याचं छप्पर असेल तर बोलायलाच नको. ड्राइव्ह तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. सर्वात वेगवान ड्राइव्ह सहसा जास्त तापतात, म्हणजे जास्त पैसे मोजून मे महिन्यात वेग गेलाच. पातळ लॅपटॉपसाठी एकाच बाजूला चिप असलेली पट्टी घ्या. दोन्ही बाजूंना चिप असलेली काही ठिकाणी बसत नाही, बसली तरी दाबली जाते. झाकण उघडलंच आहे तर पंखाही साफ करा. जिनिंगच्या आसपासच्या लॅपटॉपमधून कापसाचा चक्क थर निघतो.

मग पैसे कशावर घालायचे? चिपचे दोन प्रकार खोक्यावर दिसतील, टीएलसी आणि क्यूएलसी. टीएलसी लिहिलेली ड्राइव्ह क्यूएलसीपेक्षा आधी बघा. क्यूएलसी वाईट नाही, पण भरत आली आणि एकदम मोठा डेटा ओतला की मंदावते. साटामध्ये डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) असलेली मिळाली तर उत्तम. एनव्हीएमईमध्ये डीरॅम नसलेली चालते, कारण ती लॅपटॉपच्या रॅमचा थोडा भाग वापरून घेते. टीबीडब्ल्यूच्या, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टीबी लिहिता येईल त्या आकड्याचं मात्र टेन्शन नको. ५०० जीबीच्या ड्राइव्हला ३०० टीबी लिहिलेलं असेल आणि तुम्ही रोज २० जीबी लिहिलं, तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात. चाळीस वर्षं निघतील. पाच वर्षांची वॉरंटी तीन वर्षांपेक्षा बरी, पण वॉरंटीत नवी ड्राइव्ह मिळते, डेटा नाही.

आकार: सेवा केंद्र, टायपिंग, अभ्यास यांना ५०० जीबी पुरे, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने १ टीबीच्या खाली येऊ नये. ५१२ ची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४७६ दिसते, ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. थोडी जागा कायम रिकामी ठेवा.

खरी फसवणूक वेगळी: २ टीबीची एसएसडी २५६ च्या भावात. आत काहीतरी फुटकळ चिप असते, आकार खोटा दाखवायचा जुगाड केलेला असतो. माल आल्याबरोबर 'एचटूटेस्टडब्ल्यू' चालवून ती पूर्ण भरून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत. सेकंडहँड घेत असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थ, चालू राहिलेले तास आणि एकूण लिहिलेला डेटा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅटरी मेलेली, लॅपटॉप फक्त चार्जरवर, आणि लोडशेडिंग. खेड्यात हे सर्रास दिसतं. लाइट गेली की मशीन तिथल्या तिथे बंद होतं. साध्या एसएसडीत अशा वेळी वाचवणारी सोय नसते, नेमकं लिहिणं चालू असलेलं बिघडू शकतं. अशा माणसाला मी महागडी ड्राइव्ह देत नाही, साधी ड्राइव्ह आणि उरलेल्या पैशात बॅटरी घ्या म्हणते. तसंच फार जुन्या लॅपटॉपचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या मशीनवर ११ अधिकृतपणे चढत नाही. तिथे छोटी साटा एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम, एवढाच खर्च शोभतो.

बसवताना पट्टी तिरकी घाला, मग दाबून स्क्रू लावा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या काही लॅपटॉपवर विंडोज टाकताना ड्राइव्ह दिसतच नाही. घाबरू नका, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि 'लोड ड्रायव्हर' करा.

जुनी हार्डडिस्क धडधाकट असेल तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. जुनी एसएसडी मात्र वर्षानुवर्षं कपाटात टाकून तिच्यावर विसंबू नका, वीज न मिळता आणि उष्णतेत तिच्यातला डेटा हळूहळू जाऊ शकतो. आणि बिलाचा लगेच फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाळ्यात उडतात, आणि वॉरंटीला बिल लागतंच.