स्थिर चित्रातून काळ वाचताना : पेशीविज्ञानात नव्याने येणाऱ्यांसाठी

पदवीच्या वर्गात पेशीविज्ञान समोर येते तेव्हा बहुतेकांना ते ओळखीचे वाटते, कारण केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी पिंड, आंतर्द्रव्यजालिका ही नावे शाळेपासून पाठ असतात आणि सूत्री विभाजनाच्या चार अवस्थांची आकृती परीक्षेत अनेकदा काढून झालेली असते. या ओळखीचा फायदा होतो, पण तिच्यामुळे पेशी म्हणजे नावे दिलेली एक आकृती, अशी समजूतही घट्ट बसते. प्रयोगशाळेत मात्र जवळजवळ प्रत्येक प्रश्न काळाशी निगडित असतो. ही पेशी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे, किती वेळात तिच्या दोन होतील, ती थांबली आहे की फक्त मंदावली आहे, हे आपल्याला हवे असते. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते बहुधा मारलेले, रंगवलेले आणि थांबलेले चित्र. त्या चित्रातून काळ काढणे हेच या विषयातले मुख्य कौशल्य आहे असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे त्याच दृष्टीने लिहिले आहे.

सुरुवात कांद्याच्या मुळापासून करावी, कारण ते प्रॅक्टिकल महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात होते आणि बहुतेक ठिकाणी अर्धेच होते. कांद्याच्या बुडाशी असलेली वाळलेली मुळे खरवडून तो पाण्याने भरलेल्या ग्लासवर ठेवला की दोनतीन दिवसांत नवी मुळे फुटतात. सकाळच्या वेळी त्यांची टोके कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड यांच्या मिश्रणात टाकली जातात, म्हणजे पेशी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत स्थिर होतात. नंतर ६० अंशांवरच्या सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये काही मिनिटे ठेवल्यावर पेशींना एकमेकींशी जोडणारा थर सैल होतो, आणि अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवून, वर कव्हरस्लिप ठेवून, टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबले की पेशींचा एकेरी थर पसरतो. दाबताना कव्हरस्लिप जरादेखील सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात. विभाजन फक्त टोकाच्या एकदोन मिलिमीटर भागात चालते. त्याच्या मागच्या भागातल्या पेशी लांबत असतात, विभागत नसतात. म्हणून ‘काहीच दिसत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्लाइडवर बहुधा मुळाचा नको तेवढा लांब तुकडा असतो.

इथपर्यंत सगळे करतात. त्यानंतर एखादी सुबक मध्यावस्था शोधायची, तिच्यातली १६ गुणसूत्रे दिसली तर आनंद मानायचा, जर्नलमध्ये आकृती काढायची आणि सही घ्यायची, अशी प्रथा आहे. नव्या विद्यार्थ्याला माझा आग्रह असा राहील की त्याने सही झाल्यावर स्लाइड धुऊन टाकू नये, तर तिच्यावर निदान हजार पेशी मोजाव्यात आणि त्यांतल्या किती विभाजनात आहेत व कोणत्या अवस्थेत आहेत याची नोंद करावी. पूर्वावस्थेतल्या पेशी भरपूर आणि पश्चावस्थेतल्या अगदी थोड्या सापडतात. यामागचा तर्क सरळ आहे: जी अवस्था जास्त वेळ चालते, तिच्यात सापडणाऱ्या पेशी जास्त. एकाही पेशीला हलताना न पाहता अवस्थांच्या कालावधीचे प्रमाण त्यामुळे हाती येते.

या तर्काला एक बारीक दुरुस्ती लागते आणि ती पाठ्यपुस्तकात क्वचितच सांगितलेली असते. समजा, हजारांपैकी शंभर पेशी विभाजनात दिसल्या आणि पूर्ण चक्राला २० तास लागतात हे ठाऊक आहे. सरळ त्रैराशिकाने विभाजनाला २ तास लागतात असे उत्तर येते. परंतु सतत वाढणाऱ्या समूहात एक पेशी जाऊन तिच्या जागी दोन येतात, त्यामुळे नुकत्याच जन्मलेल्या पेशी या विभाजन संपवत आलेल्या पेशींच्या दुप्पट असतात. विभाजन चक्राच्या शेवटी येत असल्यामुळे त्या टप्प्यावरच्या पेशी मोजणीत कमी भरतात. लॉगॅरिदम वापरून हा फरक हिशेबात घेतला की उत्तर २ तासांऐवजी सुमारे पावणेतीन तास येते. मुळाच्या टोकातल्या सगळ्याच पेशी विभागत नसल्याने हाही आकडा अंदाजच राहतो, हे सोबत लिहावे. गणित सुटले म्हणून जीवशास्त्राकडे आलेल्यांना हे रुचणार नाही, पण ते टाळून या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही.

दुसरा सापळा विभाजन-निर्देशांकाच्या, म्हणजे विभाजनातल्या पेशींच्या प्रमाणाच्या, अर्थाचा आहे. मूळ काही तास कोल्चिसिन या रसायनाच्या द्रावणात ठेवून पुन्हा मोजले तर विभाजनातल्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते, आणि वर्गातून हमखास उत्तर येते की कोल्चिसिनने विभाजन वाढवले. वस्तुस्थिती उलट आहे. कोल्चिसिन ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे गुणसूत्रांना ओढून वेगळे करणारे तुर्कतंतू तयार होत नाहीत आणि पेशी मध्यावस्थेपाशी अडकून साचत जातात. टोलनाक्यावर गाड्यांची रांग वाढली म्हणजे वाहतूक वेगाने चालली आहे असे कोणी म्हणत नाही, तसेच हे आहे. एकाच वेळेच्या एकाच चित्रातून ‘जास्त पेशी आत शिरत आहेत’ आणि ‘शिरलेल्या बाहेर पडत नाहीत’ या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी वेगवेगळ्या वेळी घेतलेले नमुने लागतात.

विषयाचा इतिहासही याच रीतीने वाचावा असे मी सुचवेन. वॉल्थर फ्लेमिंग यांचा सूत्री विभाजनावरचा ग्रंथ १८८२ सालचा. सॅलमँडरच्या डिंभकांच्या मोठ्या पेशींमधली चित्रे क्रमाने लावून त्यांनी गुणसूत्रांच्या हालचालीची साखळी उभी केली. त्यानंतरची अनेक दशके दोन विभाजनांमधला काळ हा विश्रांतीचा मानला गेला, कारण त्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली काही घडताना दिसत नव्हते. १९५३ मध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन दाखवले की डीएनएची नवी प्रत त्या तथाकथित विश्रांतीतल्या एका ठरावीक टप्प्यात बनते आणि त्या टप्प्याच्या आधी व नंतर मोकळे अंतर असते. जी-१ (आधीचे अंतर), एस (प्रत बनण्याचा टप्पा) आणि जी-२ (नंतरचे अंतर) ही नावे तिथून रूढ झाली. पुढे लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना चक्राचे नियंत्रण उलगडल्याबद्दल २००१ चे नोबेल मिळाले. हा क्रम लक्षात ठेवला तर सायक्लिन आणि कायनेज या चक्राचे नियंत्रण करणाऱ्या प्रथिनांची लांबलचक यादी पाठ करण्याची वेळ कमी येते, कारण प्रत्येक रेणूच्या नावामागे ‘कोणत्या टप्प्यावरून कोणत्या टप्प्यावर’ हा प्रश्न दिसू लागतो.

पेशीच्या रचनेचा अभ्यासही काळाला सोडून होत नाही. आकृतीत गॉल्गी पिंड कायमचा एका जागी बसलेला असतो, पण आपल्या पेशींमध्ये तो विभाजनाच्या वेळी विखुरतो आणि नंतर पुन्हा जुळतो. केंद्रकाचे आवरण विरघळून नव्याने बनते. तंतुकणिका एकमेकींना जोडल्या जातात आणि तुटतात. तुर्कतंतू ज्यांचे बनतात त्या सूक्ष्मनलिका सतत वाढत आणि अचानक कोसळत असतात, हे मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८४ मध्ये मांडले आणि गुणसूत्रांना तुर्कतंतू कसे गाठतात या कोड्याला त्यातून दिशा मिळाली.

सीएसआयआर-नेटची तयारी करणाऱ्यांना याचा थेट उपयोग होतो. जीवविज्ञानाच्या २०० गुणांच्या पत्रिकेत क भागातल्या ७५ पैकी २५ प्रश्नांना प्रत्येकी ४ गुण असतात, म्हणजे अर्धी पत्रिका तिथेच आहे. त्या भागातले प्रश्न बहुधा असे असतात: अमुक प्रथिन निकामी केले, अमुक औषध दिले, तर पेशी कुठे थांबेल आणि आलेखात काय दिसेल? पाठांतरावर ब भाग निभावतो, क भाग निभावत नाही. अभ्यासक्रमाच्या १३ घटकांपैकी पेशीची संघटना, पेशींमधील संदेशवहन आणि विकास-जीवविज्ञान हे तीन घटक एकत्र वाचावेत; वेगवेगळ्या वह्यांमध्ये ठेवले तर त्यांतले दुवे तुटतात.

पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावर काळाचा हिशेब रोजचाच होतो. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र विद्यापीठाच्या आवारात आहे आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणारा साठा तिथे सांभाळला जातो. तिथून किंवा अन्य कुठून पेशी आल्या की पहिले काम त्यांची वाढ मोजण्याचे. हिमोसायटोमीटरच्या, म्हणजे पेशी मोजण्याच्या चौकोन आखलेल्या काचपट्टीच्या, मोठ्या चौकोनातल्या पेशींची सरासरी, गुणिले विरलनाचा गुणक, गुणिले दहा हजार, म्हणजे दर मिलिलिटरमधल्या पेशी. पेशींच्या द्रावणात तेवढेच ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारे द्रावण) मिसळले असेल तर गुणक २ धरायचा. हा २ विसरल्याने अनेकांचे आठवड्याचे काम वाया गेलेले मी पाहिले आहे. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी बशीत टाकल्यावर काही चिकटतच नाहीत आणि चिकटलेल्याही काही काळ विभागत नाहीत, म्हणून दुप्पट होण्याचा काळ पेरणीच्या वेळेपासून न मोजता दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाच्या मोजणीतून काढावा. हीला पेशींसाठी (माणसाच्या कर्करोगपेशींचा एक वाण) तो सुमारे २४ तास येतो. तो अचानक वाढला तर बाटलीत मायकोप्लाझ्मा आहे का हे तपासावे, कारण हे जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत आणि माध्यमही गढूळ करत नाहीत. फारच कमी झाला तर भलत्याच वेगवान पेशी शिरल्याची शंका घ्यावी. ही शंका अतिरेकी नाही: १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी वेगवेगळ्या मानल्या जाणाऱ्या अनेक वाणांमध्ये प्रत्यक्षात हीला पेशीच असल्याचा पुरावा मांडला होता. आजही प्रबंध किंवा शोधनिबंध पाठवताना डीएनए-ओळख तपासणीचा अहवाल मागितला जातो, तो आधीच करून ठेवावा.

विकासाच्या अभ्यासासाठी कोंबडीच्या भ्रूणाइतके स्वस्त आणि शिकवणारे साधन दुसरे नाही. हॅचरीतून फलित अंडी मिळतात, ३८ अंशांच्या आसपासचा इनक्युबेटर पुरतो, आणि दीड दिवसाच्या भ्रूणात नलिकेसारखे हृदय धडधडू लागलेले साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली दिसते. इथे नवखा विद्यार्थी स्लाइडच्या लेबलावर ‘३३ तास’ असे लिहितो, तर जाणकार सोमाइटची संख्या लिहितो. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ऊतींचे हे ठोकळे साधारण दर दीड तासाला एक जोडी या गतीने तयार होतात आणि त्यांपासून पुढे मणके व स्नायू घडतात, त्यामुळे त्यांच्या जोड्या मोजणे म्हणजे भ्रूणाचे स्वतःचे घड्याळ वाचणे होय. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये उबवणीच्या तासांऐवजी अशा बाह्य खुणांवर ४६ अवस्थांची मांडणी केली; १० जोड्या असलेला भ्रूण त्यांच्या दहाव्या अवस्थेत मोडतो. आपल्याकडे तासांवर विसंबणे आणखी धोक्याचे आहे. सुमारे २० अंशांच्या खाली ठेवलेल्या अंड्यातली वाढ थांबून राहते, पण एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या टपरीवजा दुकानात, नाहीतर एसटीच्या डिकीत दिवसभर राहिलेले अंडे इनक्युबेटरमध्ये जाण्यापूर्वीच काही पावले चाललेले असते, आणि तीही अडखळत. उन्हाळ्यातले भ्रूण एकाच ट्रेमध्ये पुढेमागे आणि बरेचसे विकृत सापडतात ते त्यामुळे. अंडी घातलेल्या दिवशीच थंड पेटीतून आणणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

नोकरीच्या वाटा निवडतानाही मोजणीची ही सवय कामी येते. पेशी-आनुवंशिकीच्या निदान प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण तीन दिवस वाढवून, मध्यावस्थेत अडवून, क्षीण क्षारद्रावणात फुगवून त्यांच्या गुणसूत्रांचा तक्ता केला जातो. माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे त्जिओ आणि लेवान यांनी १९५६ मध्ये दाखवले, त्याआधी तीन दशके ती ४८ मानली जात होती, आणि हा फरक बराचसा पेशी फुगवण्याच्या याच पायरीमुळे कळला. हे काम शांत, पुनरावृत्तीचे आणि डोळ्यांवर ताण देणारे आहे. ज्याला कांद्याच्या हजार पेशी मोजताना कंटाळा आला नाही त्याने याचा विचार करावा. वंध्यत्व-उपचार केंद्रातील भ्रूणतज्ज्ञाच्या कामात तिसऱ्या दिवशी सहा ते आठ पेशी आणि पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी असलेला पेशींचा गोळा) हे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून निर्णय घ्यावे लागतात, आणि ते सुट्टी पाहत नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याखालील नियमांत या पदासाठीची पात्रता दिलेली आहे. महागडा अल्पकालीन अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी ते नियम वाचावेत, कारण सगळीच प्रमाणपत्रे त्या पात्रतेत बसत नाहीत.

संशोधनाकडे वळायचे असेल तर पदवीच्या काळातच एखाद्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम करावे. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, आणि तिचे अर्ज साधारणपणे आदल्या वर्षाच्या अखेरीस मागवले जातात, म्हणून दिवाळीनंतर लक्ष ठेवावे. पुणे-मुंबईतल्या संस्थांमधल्या प्राध्यापकांना थेट ईमेल पाठवता येते. त्यात ‘मला पेशीविज्ञानाची आवड आहे’ या वाक्याऐवजी आपण काय मोजले, कसे मोजले आणि कोणत्या आकड्याबद्दल शंका उरली हे चार ओळींत लिहावे, आणि मोजणीचा तक्ता सोबत जोडावा.