व्हिजिओ प्रोग्रामिंग: प्रमाणपत्राच्या तोडीची तयारी

व्हिजिओ म्हणजे आकृत्या काढण्याचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम. त्याच्या 2007 आवृत्तीच्या प्रोग्रामिंगसाठी मायक्रोसॉफ्टची 70-545 ही परीक्षा होती. ती आता बंद झाली आहे, पण तिच्या तयारीत जे शिकावे लागे, तेच आजही कामाला येते.

आधी फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन डेव्हलपर मोड सुरू करा. मग आकारावर राइट क्लिक करून शेपशीट, म्हणजे त्या आकाराची मापे आणि सूत्रे असलेला तक्ता, उघडा. खरी कसोटी इथेच आहे, त्यामुळे कोडच्या आधी शेपशीटवर हात बसवा.

एक आयत काढा आणि शेपशीटमधल्या विड्थ (रुंदी) या सेलमध्ये गार्ड(50 मिमी) हे सूत्र इंग्रजी अक्षरांत लिहा. आता माउसने कितीही ओढा, रुंदी हलणार नाही. कोडमधून ती फॉर्म्युलायू (सेलमध्ये सूत्र लिहिण्याची नेहमीची आज्ञा) वापरून बदलू पाहिलीत तर एरर येते. गार्ड ओलांडायला फॉर्म्युलाफोर्सयूच लागते. अनेकांचे मॅक्रो, म्हणजे व्हिजिओत चालणारे छोटे कोड, इथेच अडकतात.

दुसरा घोळ एककांचा. पानावर मिमी दिसत असले तरी सेलची किंमत कोडमध्ये वाचणारे रिझल्टआययू लांबी इंचातच देते. म्हणजे 50 मिमीऐवजी साधारण 1.97 मिळतात. मिमी हवे असतील तर रिझल्टला एकक सांगा.

कनेक्टर, म्हणजे दोन आकार जोडणारी रेषा, नुसता टेकवू नका. त्याचा बिगिनएक्स (सुरुवातीच्या टोकाचा) सेल ग्लूटू या आज्ञेने आकाराच्या पिनएक्स (जागा दाखवणाऱ्या) सेलला जोडा, म्हणजे आकार सरकवला तरी जोड सुटत नाही.

फाइल व्हीएसडीएम या मॅक्रो ठेवणाऱ्या प्रकारातच सेव्ह करा. व्हीएसडीएक्स या साध्या प्रकारात मॅक्रो राहत नाहीत.